खटक्याच्या मधली जागा

जगात माणसांचे दोनच प्रकार. यंत्र बंद पडलं की त्याला वरून टपली मारणारे आणि खालून स्क्रू काढणारे. मी पहिल्या प्रकारातला. आमच्या घरचा रेडिओ आणि नंतरचा टीव्ही, दोघांनीही माझ्या टपल्या खाऊनच आयुष्य काढलं. इतिहास मात्र दुसऱ्या प्रकारच्या माणसांनी घडवला. इलेक्ट्रिक गिटारचा तर संपूर्णच.

वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजीत, जिच्या नावापुढे कंसात 'मोठी' लिहिल्याशिवाय कुठलाही सरकारी कागद पुढे सरकत नाही, तिथल्या निवृत्त शिक्षकाला इलेक्ट्रिक गिटारशी काय देणंघेणं, असं तुम्ही विचाराल. तर माझ्या भाच्याने ती विकत घेतली आहे. त्याच्या वडिलांना ती घरात नको, म्हणून ती मामाच्या घरी असते. भाचे आणि त्यांच्या अडचणी ठेवायला मामाचं घर असतंच.

हे वाद्य आपल्या पेटीसारखं आपलं आपण बोलत नाही. पोलादी तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र थरथरतं, वेढ्यांत इवलीशी वीज उमटते, ती ॲम्प्लिफायरने मोठी केली की शेजारी जागे होतात. या वेढ्यांच्या डबीला पिकअप म्हणतात.

पहिली चालणारी डबी लॉस एंजलिसच्या जॉर्ज बीचम नावाच्या वादकाने 1931 च्या सुमारास बनवली. वेढे गुंडाळायला त्याने कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर लावली होती, असं सांगतात. त्या दिवसांत त्याच्या घरी कपडे कुणी धुतले याची नोंद इतिहासात नाही. 1932 मध्ये रिकनबॅकर यांच्या कारखान्यातून ही गिटार बाजारात आली. ॲल्युमिनियमची, गोल पोटाची, लांब दांड्याची. लोकांनी तिचं नाव ठेवलं 'फ्राइंग पॅन'. पेटंट कचेरीला मात्र शंका, की हे वाजतं तरी का? शेवटी वादकांना थेट कचेरीत पाठवून साहेबांसमोर वाजवून दाखवावं लागलं. पेटंट मिळालं 1937 मध्ये. सरकारी कचेरी कुठलीही असो, अर्जदाराला नाचवते. इथे वाजवायला लावलं एवढाच फरक.

त्याच 1937 च्या ऑक्टोबरात आमच्या वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. मुलाने हाताने काम करता करता शिकावं, असं गांधीजी तिथे सांगत होते. म्हणजे इकडे सूत गुंडाळण्यातून शिक्षण आणि तिकडे तांबं गुंडाळण्यातून संगीत. दोघांचा एकमेकांना पत्ता नव्हता. पण चरखेवाला आणि गिटारवाला एकाच शाळेचे विद्यार्थी, असं माझं मास्तरकीतलं मत आहे.

पुढचा मोठा माणूस लिओ फेंडर. कॅलिफोर्नियात फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा. याला गिटार वाजवता येत नव्हती. हे वाचून मला फार धीर आला. 1954 मध्ये त्याच्या कंपनीने स्ट्रॅटोकास्टर नावाची गिटार काढली. तिच्यात तीन पिकअप आणि निवडायला तीन जागांचा खटका. एका वेळी एक पिकअप, मामला साफ. पण वादक ही जात सरळ नाही. कुणीतरी तो खटका दोन जागांच्या मधोमध अडकवून पाहिला. दोन पिकअप एकदम बोलू लागले आणि कारखान्याने कधी न योजलेला एक मधाळ, पोकळसा आवाज निघाला. मग काय, खटका मध्येच टेकवून ठेवायची वादकांत रीतच पडली. कंपनीने पाच जागांचा खटका दिला तो 1977 मध्ये. वादकांना जे सापडलं होतं, ते कारखान्याला कळायला बरीच वर्षं लागली. सूनबाईने केलेला बदल सासूबाईंनी मान्य करायलाही साधारण एवढाच काळ जातो.

या डबीला एक खोड होती. तारेबरोबर ती घरातल्या विजेची घूंघूंही पकडायची. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये त्यावर उपाय शोधला. शेजारी शेजारी दोन वेटोळी बसवायची, पण त्यांचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट. समजा, दोन व्याही समोरासमोर बसवले. दोघांच्या तक्रारी एकमेकींना खाऊन टाकतात, पण नातवाचं कौतुक निघालं की दोघांचा आवाज मिळून दुप्पट. तिथे घूंघूं मरते आणि सूर वाढतो.

सगळ्यांवर कडी केली लंडनच्या ब्रायन मे या पोराने. परवडेल अशी गिटार मिळेना, तेव्हा 1963 मध्ये त्याने वडिलांच्या मदतीने ती घरीच बनवायला घेतली. दांड्याला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड आणि स्प्रिंगा मोटरसायकलच्या. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार, म्हणून प्रत्येक पिकअपला दोन दोन खटके: एक चालू-बंद, दुसरा तारांची उलटापालट करणारा. पुढे तो ज्याच्या साथीने जगभर वाजवत फिरला, तो फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. पण गंमत वेगळीच. मुलाने खगोलशास्त्र सोडून हीच गिटार वाजवायचं ठरवलं, तेव्हा ती बनवून देणारे वडीलच नाराज झाले. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुलाचा कार्यक्रम पाहिल्यावर त्यांचा राग गेला.

आपणही मागे नाही. मिरवणुकीत वाजणारा आपला बेंजो मूळचा जपानी, 1912 मध्ये नागोयात जन्मलेला. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचं नावापुरतं नातं. आपल्या कारागिरांनी त्याच्या तारांखाली पिकअप बसवला, कर्ण्याला जोडला आणि गणपतीपुढे उभा केला. त्यांना कुठल्या कंपनीने परवानगी दिली नव्हती. त्यांनी मागितलीही नव्हती.

तर भाच्याची गिटार. ती आल्या दिवसापासून घूंघूं करायची. तारांना हात लावला की गप्प, काढला की पुन्हा सुरू. तो मला म्हणाला, "मामा, उघडून पाहू का?" वडिलांची सक्त ताकीद होती, की गॅरंटी संपेपर्यंत स्क्रूला हात लावायचा नाही. मी त्याला मोटरवायंडिंगच्या दुकानात नेलं. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. विहिरीवरच्या जळलेल्या मोटरी भरून देण्यात हयात गेलेली. त्याने झाकण काढलं, चष्मा वर केला आणि म्हणाला, "गुरुजी, हे तर मोटरचीच बहीण हाय. तार लय बारीक हाय, एवढंच."

पोळ्या गुंडाळायची चांदी त्याने आतल्या खोबणीला चिकटवली, तिच्यावर स्क्रूने अर्थची तार आवळली. घूंघूं पुष्कळ उतरली. मग भाच्याने एका पिकअपच्या दोन तारा उलट जोडल्या तर काय होईल, असं विचारलं. "मोटर उलटी फिरली तं आपन दोन तारा बदलतो का नाही? हे बी तसंच. करून पाह्य." भाच्याने स्वतः डाग दिला. तो पिकअप एकटा वाजला तर फरक काहीच नाही. दोघं मिळून वाजले तर आवाज बारीक, नाकातला. दुकानदार म्हणाला, "सनईवानी वाजते." भाचा उजळला. माझ्या चाळीस वर्षांच्या शिकवण्याने एकाही मुलाचा चेहरा असा उजळलेला मला आठवत नाही.

आता तो रोज संध्याकाळी त्या दुकानात बसतो. मोटरी भरायला शिकतो आणि अधूनमधून गिटारीत खटके वाढवतो. भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत. मुलाने इंजिनियर व्हावं अशी त्यांची इच्छा आहे, आणि तो सध्या नेमकं तेच होतोय हे त्यांना सांगणार कोण? मॅडिसन स्क्वेअर गार्डन काही आमच्या गावात नाही. बाजाराचा चौक आहे. यंदाच्या गणपतीत पोरगा तिथे वाजवणार आहे, आणि भाऊजींना घेऊन येण्याचं काम बहिणीने माझ्यावर सोपवलंय.