दफ्तर, चंची आणि बटवा

आमच्या मुदखेडच्या पोरांच्या पाठीवर हल्ली रेक्झिनची ओझी असतात; तरी नाव दफ्तरच. शब्द फारसीतून आला. पेशव्यांच्या कचेरीतले कागद फडक्यात बांधून ठेवीत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या अशा रुमालांतून निवडक कागद काढून गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ च्या दरम्यान ४५ खंड छापविले. फडक्यांविषयी मात्र कोण लिहिणार!

मला हे खटकते, वाचकहो, कारण बायकांची विद्या फडक्यांतच आहे. पानतंबाखूची चंची पाहा: पानाला एक कप्पा, सुपारीला एक, चुन्याच्या डबीला एक, सारे गुंडाळून दोरीने बांधावयाचे. बटव्याला वर नेफा, त्यात समोरासमोरून ओवलेल्या दोन नाड्या. ओढल्या की तोंड सारखे मिटते. ही युक्ती कोणत्या कारखान्यातून निघाली? खणाचा उरलेला तुकडा, जुन्या धोतराचे अस्तर, एवढ्यावर आज्यांनी लेकीबाळींच्या हाती बटवे ठेवले.

नांदेडला उस्मानशाही गिरणी निघाली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली. पुढे गिरणीही बंद पडली. मग प्लास्टिक आले नि पिशवी फुकट झाली. मार्च २०१८ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली, तेव्हा कुठे घरोघरी जुन्या साड्या बाहेर निघाल्या.

यंदा भाऊबीजेसाठी लेकीने बटवा शिवला. दोन्ही नाड्या एकाच बाजूने ओवल्या होत्या, तोंड वाकडे मिटे. मी उसवायला लावला. आता पुन्हा ओवते आहे.