नदीकाठची रीत



कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने साहेबलोकांच्या मासेमारीवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. पण या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. शिव्या खाऊन वळलो.

काही वर्षांपूर्वी एका अधिवेशनानिमित्त काश्मीरला जाणे झाले. एक दिवस मोकळा मिळाला, म्हणून आम्ही चौघे पहलगामला गेलो. लिद्दर नदीचे ते पाणी पाहिल्यावर परळच्या चाळीत वाढलेल्या माणसाला जे सुचेल तेच मला सुचले. विजार गुडघ्यापर्यंत वर केली, पाण्यात उतरलो आणि खळखळ पाय धुऊ लागलो. खालच्या अंगाला पंधरावीस पावलांवर एक गृहस्थ लांब काठी घेऊन उभे होते. ते एकदम माझ्यावर ओरडले. काय ओरडले ते या व्यासपीठावरून सांगता येणार नाही. मीही युनियनचा माणूस. नदी काय तुमच्या तीर्थरूपांची आहे काय, अशा अर्थाचे चार शब्द त्यांच्याच पट्टीत मी त्यांना ऐकवले. अखेर नदीवरचा राखणदार धावत आला. साहेबांनी नदीच्या या तुकड्याचा दिवसभराचा परवाना काढला आहे, आणि अर्धा तास ज्या माशावर ते टपून होते तो तुमच्या पायांनी पळाला, असे त्याने मला बाजूला घेऊन समजावले.

त्या रात्री झोप येईना. दोघांपैकी उद्धट कोण, याचा निकाल मला लागेना. मुंबईस परतल्यावर ग्रंथालयातून एक पुस्तक आणले. त्याने दुसऱ्याचे नाव सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याचे, आणि असा मी या इतिहासात शिरलो.

आधी माशाची गोष्ट सांगतो, कारण या शिष्टाचाराचे अर्धे मूळ माशाच्या स्वभावात आहे. ट्राउट हा थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातला मासा. तो प्रवाहाकडे तोंड करून एका जागी ठरलेला असतो आणि वरून वाहत येणारे किडे टिपतो. त्याला पुढचे व बाजूचे चांगले दिसते, मागचे दिसत नाही. म्हणून शहाणा माणूस खालून वर, माशाच्या पाठीमागून येतो. एडिंबरोच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्ट यांनी १८५७ साली एका पुस्तकात हीच गोष्ट आग्रहाने मांडली. आता एक माणूस असा पावलापावलाने वर सरकत असताना दुसरा त्याच्या पुढे पाण्यात उतरला, तर पुढचे सगळे पाणी त्या दिवसापुरते फुकट जाते. दुसऱ्याच्या पुढे उतरू नये, त्याच्या मागून, काठापासून दूर चालावे, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, हे नियम येथून निघाले. कोणी सरदाराने ते केलेले नाहीत. आमच्या चाळीत पहाटे चारला नळ यायचा आणि हंड्यांची रांग लागायची. ज्याच्याकडे हंडा नसे तो आपल्या जागी वीट ठेवी, आणि त्या विटेला कोणी हात लावीत नसे. ही रीत तशातलीच.

पण दुसरे अर्धे मूळ मालकीत आहे, आणि तेथे गोष्ट बिघडते. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे भरतीओहोटीच्या पाण्यात मासे धरण्याचा हक्क सर्वांना असतो. त्याच्या वरच्या अंगाला नदीतली मासेमारी सामान्यतः काठाच्या मालकाची. इंग्रजीत गळाने मासे धरण्यावर छापलेला पहिला निबंध १४९६ सालचा. विंकिन द वर्ड या मुद्रकाने तो शिकारीवरच्या एका मोठ्या ग्रंथात घातला. परंपरेने तो ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर सांगतात, पण त्याला पुरावा भक्कम नाही. या निबंधाच्या शेवटी रीतभात सांगितली आहे. गरिबाच्या तळ्यात त्याच्या परवानगीवाचून गळ टाकू नका, दुसऱ्याने लावलेल्या सापळ्यातले मासे काढू नका, कुंपणे मोडू नका, फाटक उघडलेत तर पुन्हा लावा, हाव धरून फार मासे मारू नका. वाचून मला लेखकाबद्दल आदर वाटला. मग पुढचे वाक्य आले. त्याचा भावार्थ असा की हा निबंध सुटा, लहान पुस्तक म्हणून छापला असता तर रिकामटेकड्या माणसांच्याही हाती पडला असता, म्हणून मुद्दाम तो मोठ्या ग्रंथात घातला आहे. म्हणजे रीत सर्वांनी पाळायची, पण ती शिकायला मिळायची ज्याच्या खिशात जाड ग्रंथाची किंमत आहे त्यालाच!

आयझॅक वॉल्टन यांचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ चे. हे गृहस्थ लंडनमध्ये कापडाचा व्यापार करीत, हे कळल्यावर गिरणी कामगाराच्या मुलाला ते उगीचच जवळचे वाटले. त्यांचे धाकटे मित्र चार्ल्स कॉटन हे डव्ह नदीकाठचे जमीनदार. कॉटन यांनी १६७४ साली काठावर एक छोटे घर बांधले आणि त्याच्या दारावर दोघांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरली. दुकानदार आणि जमीनदार एका काठावर बरोबरीने बसले, असे हे दुर्मिळ उदाहरण.

पुढच्या काळात अशी बरोबरी कमी झाली. दक्षिण इंग्लंडात खडूच्या टेकड्यांतून झिरपणाऱ्या काचेसारख्या पाण्याच्या नद्या आहेत, टेस्ट आणि इचेन. टेस्टवर १८२२ साली हॉटन क्लब निघाला. सभासद मोजके, काठ त्यांचा. अशा पाण्यावर फ्रेडरिक हॅल्फर्ड यांनी १८८६ आणि १८८९ च्या पुस्तकांतून जणू धर्मशास्त्रच रचले. पिसांची कृत्रिम माशी पाण्यावर तरंगतीच पाहिजे. ती वरच्या दिशेनेच फेकायची, आणि शक्यतो वर येऊन खाणारा मासा डोळ्यांनी दिसल्यावरच. हे सारे कसबाचे नियम. हॅल्फर्ड यांच्या अनुयायांनी ते सभ्यपणाचे नियम करून टाकले.

त्यांना जी. ई. एम. स्क्यूज नावाचा वकील भेटला. त्याने मेलेल्या माशांची पोटे तपासली. ट्राउट बहुतेक अन्न पाण्याखालीच खातो, किड्याच्या पंख न फुटलेल्या अवस्थेत खातो, असे त्याला आढळले. तेव्हा त्या पिलासारखी माशी बनवून ती पाण्याखाली का सोडू नये, असे त्याने १९१० च्या पुस्तकात विचारले. यावर जे वादळ उठले ते अठ्ठावीस वर्षे शमले नाही. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या प्रश्नावर रीतसर वादविवाद झाला. स्क्यूज तेव्हा ऐंशीच्या घरात होते. इचेनच्या ज्या पाण्यावर ते पन्नासाहून अधिक वर्षे जात होते, तेथल्या सोबत्यांशीही याच पद्धतीवरून खटके उडाले, आणि त्याच वर्षी त्यांनी ते पाणी सोडले. नदीकाठी कोणी त्यांना शिवी दिली नसेल. सभ्य माणसांचा उद्धटपणा शिवीवाचूनही पुरा होतो. आमच्या युनियनांतही असे बहिष्कार मी पाहिले आहेत. एकदोन वेळा, सांगायला लाज वाटते, मीच ठराव मांडला होता.

आता शेफील्डकडे वळू. सुऱ्याकात्र्या घडवणारे, पोलादाला धार लावणारे कामगार सुटीच्या दिवशी आगगाडीने लिंकनशायरच्या नद्यांवर जात. ट्राउट त्यांच्या वाट्याला क्वचितच. त्यांचे मासे रोच, ब्रीम असले, ज्यांना साहेबांनी नावच 'भरड मासे' असे ठेवले होते. यांच्या शर्यती भरत आणि शेकडो माणसे एका काठावर बसत. तेथे कोणी कोठे बसायचे, हा प्रश्न असायचा. कामगारांनी त्यावर काढलेला तोडगा मला फार आवडला. काठावर आकडे घातलेल्या खुंट्या ठोकायच्या, आणि चिठ्ठी उचलून जिला जो आकडा येईल त्या खुंटीशी बसायचे. चांगली जागा नशिबाची, मालकाच्या ओळखीची नाही.

या लोकांचा खासदार ए. जे. मुंडेला. कामगार चळवळीचा इतिहास वाचणाऱ्यांना हे नाव ठाऊक असेल. होजिअरीच्या या कारखानदाराने १८६० साली नॉटिंगहॅममध्ये मालक-मजुरांचे लवाद मंडळ सुरू केले होते. त्याच्याच प्रयत्नाने १८७८ चा कायदा झाला, आणि 'भरड' माशांनाही विणीच्या दिवसांत, १५ मार्च ते १५ जून, अभय मिळाले. ट्राउटला संरक्षण, रोचला नाही, हा भेद कामगारांच्या मागणीने कमी झाला. चोरट्या मासेमारीच्या बाबतीतही कायद्याने एक मजेदार विवेक दाखवला आहे. दिवसाउजेडी गळाने मासा चोरला तर १९६८ च्या चोरीच्या कायद्यातही शिक्षा कमी. रात्री किंवा जाळ्याने चोरला तर जास्त. पोटासाठी उघड्यावर बसलेला माणूस कायद्यालाही निराळा दिसला असावा.

आणि नदी सर्वांची झाली म्हणजे भांडण मिटते, असेही नाही. अमेरिकेत मोंटाना राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने १९८४ साली निकाल दिले आणि १९८५ साली कायदा झाला. नेहमीच्या पूररेषेच्या आतले वाहते पाणी सर्व लोकांना मोकळे झाले. मला हे न्याय्यच वाटते. पण मोकळ्या नदीवर गर्दी होते, आणि सबुरीने पुढे सरकणाऱ्या माणसाच्या नेमक्या पुढच्या पाण्यात उडी घेणारेही तेथे येतात. फाटक नाही, मग अडवणार कोण? तेथे त्या जुन्या रीतीखेरीज दुसरा राखणदार नाही. मालकाच्या काठावर जी रीत मला मिजास वाटली, ती मोकळ्या काठावर अत्यंत गरजेची ठरते, हे कबूल करायला मला दोन वर्षे लागली.

काश्मीरचा ट्राउट तरी काश्मीरचा कोठे आहे? गालिच्यांचे कारखानदार मिचेल यांच्या खटपटीने विलायतेहून अंडी आणण्याचा पहिला प्रयत्न १८९९ साली फसला. १९०० सालचा दुसरा साधला, आणि श्रीनगरजवळ हारवन येथे त्यांची पैदास सुरू झाली. मासा आला, त्याच्यामागून नदीचे तुकडे पाडून परवाना देण्याची पद्धत आली. फक्त रीत सांगणारे कोणी माझ्यासारख्यांसाठी आले नाही. पहलगामच्या त्या राखणदाराने मात्र ती मला दहा मिनिटांत सांगितली, आणि वर म्हणाला, पाय धुवायचेच असतील तर त्यांच्या खालच्या अंगाला धुवा, तिथे हरकत कुणाची नाही.

आम्ही परत निघालो तेव्हा ते गृहस्थ तेथेच उभे होते. आम्ही चौघे काठ सोडून, झाडांतून, त्यांच्या पाठीमागून गेलो. त्यांनी मान वळवली नाही. काठी धरलेला हात मात्र किंचित वर केला.