वर्गातल्या वादविवादाची तयारी कशी करून घ्यायची? जायकवाडीच्या पाण्याचं उदाहरण

वर्गात वादविवाद ठेवला की बरेचदा दोन-चार पाठ केलेली भाषणं होतात, टाळ्या पडतात आणि तास संपतो. पण ते झालं वक्तृत्व. वादविवादात समोरच्याचं ऐकून त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि त्याची तयारी वेगळी असते.

विषय कसा निवडायचा?

'मोबाइल शाप की वरदान' यावर मुलं ऐकीव वाक्यंच बोलतात. ज्या विषयावर घरात, पारावर खरोखर मतभेद आहेत, तो घ्यावा. अहिल्यानगर जिल्ह्यात असा विषय शोधावा लागत नाही. 'नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडणं योग्य आहे' हे एक विधान फळ्यावर लिहिलं तरी पुरे. विधान असं हवं, की त्यावर 'हो' किंवा 'नाही' म्हणता येईल.

माहिती काय गोळा करायची?

आधी मतं नकोत, तथ्यं हवीत.

- पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी आहे. १ टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर.
- वरच्या बाजूला प्रवरेवर भंडारदरा आणि निळवंडे, तर राहुरी तालुक्यात मुळा धरण आहे.
- २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद आहे.
- मेंढेगिरी समितीच्या अहवालावर आधारित सूत्रानुसार, पावसाळ्याअखेर जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो.
- ऑक्टोबर २०२३ अखेर ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यात मुळा समूहातून २.१० आणि प्रवरा समूहातून ३.३६ टीएमसीचा वाटा होता.

प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला हे वहीत लिहायला लावावं. 'काका म्हणाले' हाही स्रोत आहे, पण तो अनुभव म्हणून मांडायचा, आकडा म्हणून नाही.

दोन्ही बाजू का लिहायच्या?

भारतीय तर्कपरंपरेत आधी 'पूर्वपक्ष' मांडतात, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे सांगायचं. मग उत्तरपक्ष. वर्गातही हेच करता येतं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून दोन्हीकडे तीन-तीन मुद्दे लिहायचे.

अनुकूल बाजू म्हणेल: नदी सगळ्या खोऱ्याची आहे, छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याची तहान जायकवाडीवर आहे, कायदाही हेच सांगतो. प्रतिकूल बाजू म्हणेल: कोरड्या नदीपात्रातून जाताना बरंच पाणी मुरतं, लाभक्षेत्रातलं रब्बीचं आवर्तन धोक्यात येतं आणि आपल्याकडेही दुष्काळी गावं आहेत.

कोण कुठल्या बाजूने बोलणार, हे स्पर्धेच्या आदल्या दिवशी चिठ्ठी टाकून ठरवावं. म्हणजे राहुरीतल्या शेतकऱ्याच्या मुलीला पैठणची बाजूही मांडावी लागू शकते. शिवाय जायकवाडीचा फुगवटा शेवगाव आणि नेवासा तालुक्यांपर्यंत येतो. त्यामुळे 'आपण' आणि 'ते' ही रेघ जिल्ह्याच्या सीमेवर नीट बसत नाही, हेही मुलांच्या लक्षात येतं.

मुद्दा कसा बांधायचा?

तीन पायऱ्या पुरतात: दावा, कारण, पुरावा. 'पाणी वाया जातं' हा नुसता दावा झाला. का जातं, किती जातं, हे सांगितल्यावर तो मुद्दा होतो.

खंडन कसं शिकवायचं?

जोड्या पाडाव्यात. एकाने एक मिनिट बोलायचं. दुसऱ्याने आधी 'तुझं म्हणणं असं आहे की...' म्हणून ते आपल्या शब्दांत सांगायचं आणि मगच उत्तर द्यायचं. व्यक्तीवर, गावावर, जातीवर बोललं की गुण कापायचे. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधणारा वाद, केवळ जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता नुसती खोडून काढणारी वितंडा. 'वितंडवाद' हा शब्द तिथूनच आला.

शेवटी काय?

निकालानंतर दहा मिनिटं राखून ठेवावीत. 'समोरच्याचा कुठला मुद्दा पटला?' हा एकच प्रश्न प्रत्येकाला विचारावा. एकही मुद्दा पटला नसेल, तर बहुधा तो नीट ऐकलेला नसतो.