वसतिगृहातल्या आईपासून गृहपालबाईपर्यंत

शिरपूर तालुक्यातल्या पाड्यापाड्यांवरच्या मुली आता कॉलेजात जातात. कुणी रोज एस.टी.नं ये-जा करते, कुणी वसतिगृहात राहते. वर्गात शिकवायला प्राध्यापक असतात. पण वर्गाबाहेर तिचं कोण? शिष्यवृत्तीचा फॉर्म अडला, रात्री ताप भरला, कुणी त्रास दिला, परीक्षेच्या तोंडावर घरून लग्नाचा निरोप आला, तर तिनं कुणाचं दार वाजवायचं? हे काम बघणारी माणसं आली कुठून आणि त्या कामाचं काही शिक्षण असतं का, ते आज सांगणार आहोत.

आपल्याकडे हे काम बायांनीच सुरू केलं, तेही बिनपगारी. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. तिथं मुली शिकत आणि राहतही. पहिल्या विद्यार्थिनींत एक बालविधवा होती, गोदूबाई. पुढे त्या धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या, त्यांनाच लोक बाया कर्वे म्हणत. कर्व्यांचा आश्रम १९०० साली पुण्याजवळ हिंगण्याला गेला. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, वय झाल्यावर शिकल्या आणि आश्रमाच्या कामाला लागल्या. वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या, थेट अमेरिकेपर्यंत गेल्या.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. कारण साधं होतं. खेड्यातल्या पोराला शहरात शाळा मिळाली, तरी राहायचं कुठं आणि जेवायचं काय? साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली बोर्डिंग काढलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. त्या पंगतीमागे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. घरातलं धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही विकलं. या कामाला तेव्हा ना हुद्दा होता, ना पगार. आई म्हणून ते चालायचं.

त्याच काळात अमेरिकेतही मुली कॉलेजात येऊ लागल्या होत्या. त्यांची राहणी, तब्येत, अडचणी बघायला तिथं स्त्री अधिकारी नेमल्या गेल्या. शिकागो विद्यापीठातल्या मॅरियन टॅलबट त्यांपैकी एक. या बायांनी १९१६ साली आपली संघटना बांधली. नुसती माया पुरत नाही, या कामाला अभ्यास लागतो, असं त्या म्हणत. तिथं या विषयात पदव्युत्तर शिक्षणही मिळू लागलं. आणि योगायोग बघा, त्याच १९१६ साली कर्व्यांनी आपल्याकडे महिला विद्यापीठ सुरू केलं.

आपल्याकडे हा अभ्यास समाजकार्याच्या वाटेनं आला. मुंबईत १९३६ साली टाटांच्या ट्रस्टनं समाजकार्याची शाळा काढली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुण्यात १९६३ साली कर्वे समाज सेवा संस्था झाली. आपल्या शेजारी चोपड्यातही भगिनी मंडळाचं समाजकार्य महाविद्यालय आहे. कोणत्याही शाखेची पदवी झाली की एम.एस.डब्ल्यू.ला, म्हणजे समाजकार्याच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासाला, जाता येतं. तिथं पुस्तकाबरोबर प्रत्यक्ष वस्तीत आणि संस्थेत काम करावं लागतं. समोरच्याचं ऐकून कसं घ्यायचं, त्यानं सांगितलेली गोष्ट पोटात कशी ठेवायची, कायदा कुठं लागतो आणि डॉक्टर कुठं लागतो, हे सगळं शिकवतात.

कायदाही हळूहळू बदलला. पूर्वी ‘विद्यार्थी कल्याण’ म्हणत. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात ‘विद्यार्थी विकास’ मंडळ आलं. नावातला हा फरक मोठा आहे. कल्याण कुणीतरी वरून करतं, विकास मात्र पोरीचा स्वतःचा असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी तक्रार निवारण समिती हवी आणि तिच्यात निदान एक स्त्री हवी. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी वेगळी अंतर्गत समिती असते.

मग अडतं कुठं? कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी असतो, पण तो बहुधा शिकवणाराच एखादा प्राध्यापक असतो. स्वतःचे तास घ्यायचे, पेपर तपासायचे, आणि उरलेल्या वेळात हे काम. लक्ष्मीबाईंच्या काळी ते आईच्या मायेवर चालायचं, आज एखाद्या चांगल्या सरांच्या किंवा मॅडमच्या भलेपणावर चालतं. ते सर बदलून गेले की दार बंद. म्हणून या कामासाठी शिकलेलं, पूर्णवेळ माणूस हवं, असं आम्हांला वाटतं.

आणि ते माणूस आपल्याच पाड्यावरची मुलगी का नसावी? आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांत गृहपाल असतात. या पदाच्या भरतीत समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला महत्त्व असतं. जाहिरात निघाली की पात्रता नीट वाचा. पावरी बोलणाऱ्या पोरीचं दुखणं पावरी समजणाऱ्या गृहपालबाईला जेवढं कळेल, तेवढं दुसऱ्या कुणाला कळणार? बी.ए. झालेली लेक घरी बसली असेल, तर पोलीस भरती नाहीतर डी.एड. एवढ्या दोनच वाटा तिला दाखवू नका. ही तिसरी वाटही दाखवा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. ज्यांची मुलगी कॉलेजात आहे, त्यांनी तिला तीन गोष्टी विचारा: तुमच्या कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी कोण? तक्रार समितीत बाई कोण? त्यांचे फोन नंबर भिंतीवर लावलेत का? तिला सांगता आलं नाही, तर चारजणी मिळून कॉलेजात जा आणि प्राचार्यांना विचारा.

आपल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईचं नाव विद्यापीठाच्या दारावर लागलं. त्या दारातून आत गेलेली लेक एकटी पडू नये, एवढं आपण बघायचं.