मत्स्यालयातील जलपरीक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१८५० मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे, पाणवनस्पती व गोगलगायी यांच्या परस्परावलंबनातून काचपात्रातील पाणी शुद्ध राखता येते, असे प्रतिपादन केले. परंतु निर्मळ पाण्यातील अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. नेसलर यांच्या अभिकर्मकाने (१८५६) अमोनिया, तर ग्रीस यांच्या चाचणीने (१८७९) नायट्राइट रंगरूपाने प्रकट झाले. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट भिन्न जीवाणू करतात, हे दाखवून दिले. म्हणूनच नव्या टाकीत केवळ अमोनिया शून्य झाला म्हणून मासे सोडल्यास नायट्राइटमुळे ते दगावू शकतात. शिवाय प्रचलित चाचणी एकूण अमोनिया दर्शविते. त्यातील विषारी अंश सामू व तापमानाबरोबर वाढतो. सारांश, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट व सामू यांचे एकत्रित वाचन हेच अचूक परीक्षण होय.