आजीची हळद आणि अमेरिकेतलं पेटंट

हा एपिसोड चितेगावहून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मागे पैठण रोडवरचे ट्रक ऐकू आले तर समजून घ्या. मध्येच 'फट्' असं काही वाजलं तर तो मी मारलेला मच्छर.

परवा रात्री लाइट गेली म्हणून गच्चीवर झोपलो. सकाळी दोन्ही पाय लाल गांध्यांनी भरलेले. सवयीनं मोबाइल काढला, क्रीम मागवायला. आजी म्हणाली, "कायला पैसे घालतो? मिठाचं पाणी लाव, मग हळद लाव. अन् खाजवू नको." हळदच का, असं विचारलं तर उत्तर आलं, "आमची माय लावायची." संपला विषय. एवढ्या डॉक्युमेंटेशनवर आमच्या टीममध्ये कुणी कोड पाठवला तर मी तो तसाच परत पाठवेन.

गंमत म्हणजे "आमची माय लावायची" हे उत्तर एकदा थेट अमेरिकेच्या पेटंट ऑफिससमोर गेलंय. आणि तिथे ते चाललं नाही.

झालं असं. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला एक पेटंट मिळालं, नंबर ५४०१५०४. कशावर? जखम भरून यायला हळद वापरण्यावर! संशोधक दोघं, आणि दोघंही भारतीय वंशाचे. म्हणजे त्यांच्याही घरात हळदीचा डबा असणारच की.

तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत गरिबीत वाढलेले, म्युनिसिपाल्टीच्या शाळेत शिकलेले. त्यांनी ठरवलं, लढायचं. १९९६ मध्ये सीएसआयआरनं या पेटंटला आव्हान दिलं.

आता खरी अडचण ऐका. पेटंट मिळायला गोष्ट नवीन असावी लागते. पण त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातली नुसती वहिवाट पुरावा म्हणून धरत नव्हते. भारतात कोट्यवधी लोक रोज हळद लावतात, हे सांगून उपयोग नव्हता. छापलेलं काय आहे ते दाखवा! म्हणजे आपल्या सगळ्या आज्या एका रांगेत उभ्या केल्या असत्या तरी त्यांची साक्ष शून्य.

मग शोधाशोध झाली. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांमधले मिळून ३२ संदर्भ गोळा झाले, त्यातले काही शंभर वर्षांहून जुने. १९५३ साली 'जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशन'मध्ये आलेला एक लेखही सापडला. कुणीतरी कधीतरी बसून लिहून ठेवलं होतं, म्हणून १९९७ मध्ये पेटंट ऑफिसनं हळदीवरचे दावे फेटाळले. नंतर २००१ मध्ये 'ट्रॅडिशनल नॉलेज डिजिटल लायब्ररी'चं काम सुरू झालं. जुन्या ग्रंथांतलं ज्ञान इंग्रजी, जपानी, जर्मन अशा भाषांत आणून परदेशातल्या पेटंट तपासणाऱ्यांसमोर ठेवायचं, असा तो डेटाबेस. माझ्यासारख्या माणसाला यात देशभक्तीपेक्षा डेटाबेसचंच जास्त कौतुक वाटतं, खोटं कशाला बोलू.

पण थांबा, पेटंट पडलं म्हणजे आजीचं सगळं सिद्ध झालं असं नाही. तिथे प्रश्न होता 'हे जुनं आहे का', 'यानं खाज जाते का' हा नव्हता. मच्छर चावताना स्वतःची लाळ आत सोडतो, आपलं शरीर तिच्याशी भांडतं, हिस्टामिन सुटतं आणि खाज सुटते. गार पाण्याची पट्टी किंवा बर्फ लावला की ती जागा बधिर होते, म्हणून बरं वाटतं. मिठाच्या पाण्यातलं अर्धं काम बहुतेक नुसतं गार पाणीच करत असावं. आणि खाजवायचं नाही, कारण नखानं कातडी फाटली की जखम चिघळते. इथे आजीला पूर्ण मार्क.

दुसरी बाजूही आहे, आणि तो माणूस आपल्याच भागातला. डॉ. हिंमतराव बावस्कर, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. १९७६ मध्ये ते महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथे लाल विंचू चावलेली माणसं मंत्र, मुळ्या, लेप करून उशिरा यायची आणि फुप्फुसात पाणी होऊन मरायची. (विंचू कीटक नाही, माहितीये, कमेंट करू नका!) बावस्करांनी पेशंटजवळ बसून तासातासाच्या नोंदी केल्या, १९८२ मध्ये त्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या. पुढे प्राझोसिन हे ब्लडप्रेशरचं औषध वापरून त्यांनी मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं ते १ टक्क्यापर्यंत आणलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून विंचू असेल, किंवा गांधीलमाशी चावल्यावर ओठ सुजले, श्वास लागला, तर हळदीचा डबा उघडत बसू नका. गाडी काढा.

काल संध्याकाळी मी आजीसमोर फोन ठेवला आणि म्हटलं, तुला येतं ते सगळं सांग. चाळीस मिनिटं बोलली. मुंगीला काय, गांधीलमाशीला काय, सुरवंटाला काय. चुन्यापाशी आली आणि स्वतःच थांबली. म्हणाली, "हे लिहू नको. तुझ्या काकाला लहानपणी लावला होता, कातडी भाजली होती."

मी तेही लिहून घेतलं.