घरचे ग्रह आणि शाळेंतले ग्रह

पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत सहावी-सातवीतल्या मुलास ग्रहांचीं नांवें विचारावीं. मर्क्युरीपासून नेपच्यूनपर्यंत आठहि नांवें तो न अडखळतां म्हणून दाखवील. मग त्यास विचारावें, 'बुधवारांतला बुध तो यांपैकीं कोणता?' पुष्कळ मुलें येथें गप्प होतात. घरांत भिंतीवर दिनदर्शिका असते, आजीच्या तोंडीं शनीची साडेसाती असते, नाशिकचा सिंहस्थ कानांवरून गेलेला असतो; पण हे घरचे ग्रह निराळे आणि शाळेंतल्या रंगीत तक्त्यावरचे ग्रह निराळे, अशी वांटणी त्या मुलाच्या मनांत कायम झालेली असते. घरचे तेवढे भोळ्या समजुतीचे, शाळेंतले तेवढे खरे. दोहोंची गांठ कोणी घालून देत नाहीं. मुलांस ग्रह शिकविण्यांत जो रूक्षपणा येतो त्याचें मूळ आमच्या मतें या तुटीत आहे, साधनांच्या उणिवेंत नाहीं. ही गांठ घालण्याचा एक नेटाचा प्रयत्न मराठींत पूर्वीं होऊन गेला आहे. त्याची हकीकत फार थोड्यांस ठाऊक आहे, म्हणून ती येथें सांगतों.

ती समजण्यासाठीं आधीं भास्कराचार्यांकडे गेलें पाहिजे. शके १०३६ मध्यें, म्हणजे इ. स. १११४ सालीं, जन्मलेल्या या ज्योतिर्विदानें वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. त्याचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याचा ज्योतिषी. त्यानें खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं एक मठ स्थापिला. डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणलेल्या तेथील शिलालेखांत शके ११२८ चा उल्लेख असून मठास दिलेल्या देणग्यांचा तपशील जुन्या मराठींत कोरलेला आहे. ग्रहगति शिकविण्याच्या पाठशाळेस गांवच्या उत्पन्नांतून वाटा तोडून देणें हें महाराष्ट्रांत आठशें वर्षांपूर्वीं घडलें, ही गोष्ट आमच्या शालेय इतिहासांत यावयास हवी होती.

भास्कराचार्यांचा गोलाध्याय आज वाचला तरी त्यांत शिक्षकाचा हात दिसतो. पृथ्वीस कोणाचा तरी आधार आहे असें म्हणणाऱ्यास ते विचारतात कीं, त्या आधारास आधार कोणाचा आणि त्याच्याहि आधारास कोणाचा? शेवटीं कोठें तरी स्वतःच्या शक्तीनें राहणें मानावेंच लागेल, तर तें पृथ्वीचेंच कां मानूं नये? ती खालीं पडेल म्हणावें, तर सभोंवतीं सारखेंच आकाश, पडणार कोणीकडे? गोल आहे तर सपाट कां दिसते? परिघाचा शंभरावा भाग सपाटच दिसावयाचा, आणि पाहणारा माणूस पडला लहान. बारा वर्षांच्या मुलास या प्रश्नोत्तरांतलें कांहींहि कळण्यास अवघड नाहीं. आणि दुसरी गोष्ट अशी कीं, यांतलें कांहींहि त्यास केवळ मोठ्यांच्या शब्दावर विश्वासून घ्यावें लागत नाहीं.

हा ग्रंथ पुढें जवळजवळ सात शतकांनीं भोपाळजवळ सिहोर येथें एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हातीं पडला. लॅन्सलॉट विल्किन्सन हा मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरींतला मनुष्य. भोपाळचा पोलिटिकल एजंट म्हणून तो सिहोरास राहात असे. तेथील पाठशाळेंत त्यानें लक्ष घातलें, आणि १८३४ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या मासिकांत एक निबंध लिहून आपला विचार मांडला. तो थोडक्यांत असा : हिंदी विद्यार्थ्यास कोपर्निकसचें मत एकदम सांगूं नये. आधीं त्याच्याच सिद्धान्तग्रंथांवरून पृथ्वी गोल व निराधार असल्याचें त्यास पटवावें. पुराणांतली मेरुभोंवतींची सपाट पृथ्वी या पायरीवरच गळून पडते, आणि ती पाडणारा कोणी परका नसून भास्कराचार्यच असतो. मग पृथ्वी फिरते ही पुढची पायरी चढणें सोपें जातें. दुसऱ्याच वर्षीं मेकॉलेनें आपल्या प्रसिद्ध टिपणींत हिंदी ज्योतिष हा थट्टेचा विषय ठरविला आणि सरकारी धोरण त्याच्या मागून गेलें, हें वाचकांस माहीत आहेच.

विल्किन्सनचा विचार मराठींत उतरविला तो सिहोरच्या पाठशाळेंतले सुबाजी बापू यांनीं. १८३६ सालच्या त्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' या मराठी ग्रंथांत पौराणिक, सैद्धान्तिक व कोपर्निकसचें अशीं तिन्ही मतें शेजारीं शेजारीं ठेवून तोललेलीं आहेत. ग्रंथ संस्कृतांत लिहिला असता तर शास्त्रीमंडळाबाहेर गेला नसता. मराठींत लिहिल्यानें वाद चव्हाट्यावर आला. यज्ञेश्वर रोडे यांनीं पुराणें व सिद्धान्त यांत मुळीं विरोधच नाहीं असें दाखविण्यासाठीं 'अविरोधप्रकाश' लिहिला, आणि सुबाजी बापूंनीं त्यास उत्तर दिलें. आपल्याकडे पृथ्वीच्या आकारावर आणि गतीवर छापील वाद झाला, तोहि एतद्देशीयांनीं आपसांत केला, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. सिहोरचेच एक विद्यार्थी बापूदेव शास्त्री १८४२ मध्यें काशीच्या संस्कृत पाठशाळेंत अध्यापक झाले व पुढें त्यांनीं विल्किन्सनचें गोलाध्यायाचें इंग्रजी भाषांतर तपासून प्रसिद्ध केलें.

या प्रयत्नाचें कौतुक करतांना डोळे मिटण्याचें कारण नाहीं. विल्किन्सन कंपनीचा नोकर होता. भास्कराचार्य त्याच्या दृष्टीनें युरोपीय विद्येच्या तीराला नेणारी नाव होती, मुक्काम नव्हे. पाटणचा मठ काय किंवा सिहोरची पाठशाळा काय, दोन्ही शास्त्रीवर्गाचीं स्थानें. कुणब्याच्या मुलाचा किंवा कोणाच्याहि मुलीचा तेथें संबंध नव्हता. आणि १८४१ सालीं विल्किन्सन वारल्यावर ती पद्धति रुजविण्यास मागें कोणी खमक्या राहिला नाहीं. तरीहि पद्धतीचा गाभा आम्हांस निर्दोष वाटतो : शिकणाऱ्याच्या घरांत जें आहे तेथून आरंभ करावा. त्यांत एक शास्त्रीय सोयहि आहे. सिद्धान्तांतल्या गणितांत मंगळ, गुरु व शनि यांचें शीघ्रोच्च म्हणजे मध्यम सूर्यच असतो. बुध व शुक्र यांची मध्यम गति तीहि सूर्याचीच. म्हणजे पृथ्वी मध्यें धरूनहि प्रत्येक ग्रहाच्या आंकड्यांत सूर्य येऊन बसलेला होताच. कोपर्निकसनें १५४३ सालच्या ग्रंथांत त्यास उघड मध्यभागीं आणला.

पुढच्या पिढ्यांत केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' देऊन पंचांग आकाशाशीं जुळविण्याचा मार्ग मोकळा केला. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशानें शाळामास्तर; भारतीय ज्योतिषशास्त्राचा मोठा इतिहास लिहिणाऱ्या या माणसानें 'ज्योतिर्विलास' या आपल्या पुस्तकास 'रात्रीची दोन घटका मौज' असें जोडनांव दिलें. मौज हा शब्द एका मास्तरानें निवडला, हें आजच्या मास्तरांनीं लक्षांत घ्यावें. बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर हेहि शिक्षकच. त्यांनीं १९११ सालीं फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेंत नेपच्यूनपलीकडे २४२ वर्षांत प्रदक्षिणा करणारा ग्रह असावा असें लिहिलें. १९३० मध्यें प्लूटो सांपडला त्याचा काळ २४८ वर्षांचा निघाला. यास भाकीत म्हणून फार नाचविण्यांत अर्थ नाहीं, कारण प्लूटो इतका क्षुद्र कीं २००६ मध्यें त्याचें ग्रहपदच गेलें. हा मेळ योगायोगाचा समजणें बरें.

आतां आमच्या भागांतल्या घरांत काय आहे तें पाहूं. साडेसाती आहे. ती कोणास छळते कीं नाहीं हा वाद क्षणभर बाजूस ठेवून मुलास एवढेंच विचारावें कीं, साडेसातच वर्षें कां? शनि तीन राशी ओलांडतो तेवढा तो काळ. म्हणजे एका राशीस अडीच वर्षें आणि बारा राशींस तीस. शनीचें वर्ष सुमारें साडेएकोणतीस पृथ्वीवर्षांचें आहे, हें पाठ न करतां मुलानें आजीच्या भीतींतून काढलें. (त्या भीतीचें पुढें काय करावयाचें तें मूल स्वतःच ठरवील, आमचा तसा अनुभव आहे.) सिंहस्थ बारा वर्षांनीं येतो, कारण गुरु तितक्या काळानें सिंह राशींत परततो. नेमकें पाहतां त्यास ११.८६ वर्षें लागतात, आणि ही तूट सांचत जाऊन कधीं मेळा अकरा वर्षांनींच भरतो; हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ मध्यें झाला तो याचमुळें. ग्रह वक्री होतो म्हणजे काय, हें चिंचवडच्या फलाटावरून सुटलेल्या लोकलमध्यें बसून समजतें : शेजारच्या रुळावर त्याच दिशेनें सावकाश चाललेली मालगाडी आपण मागें टाकतांना उलटी जातांना दिसते. मंगळास पृथ्वी अशीच मागें टाकते.

वारांचा क्रमहि असाच एक हिशेब आहे. जुन्या मतानें पृथ्वीपासूनच्या अंतराप्रमाणें शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र अशी उतरती रांग लावावी आणि दिवसाचे चोवीस होरे एकेकास ओळीनें वांटावे. शनिवारचा पहिला होरा शनीचा धरला तर चोवीस संपून पंचविसावा येतो रवीचा. म्हणून शनिवारानंतर रविवार. त्याच रीतीनें पुढें सोम, मंगळ, बुध आपोआप निघतात. हा हिशेब वर्गांत फळ्यावर पुरा करूं द्यावा. बुधवारांतला बुध कोणता हें मग विचारावें लागत नाहीं.

शहराच्या उजेडानें तारे बुडविले ही तक्रार खरी आहे, पण ग्रहांना ती फारशी लागू नाहीं. भोसरी-चाकणच्या दिव्यांतूनहि शुक्र व गुरु स्वच्छ दिसतात. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलनें १९५४ सालींच तारामंडळ उभारलें. चिंचवडचें सायन्स पार्क २०१३ पासून आहे व आतां त्यास तारांगणाची जोड मिळाली आहे. चाकणहून नाशिकच्या रस्त्यानें नारायणगांवास गेलें कीं खोडद येथें पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, आणि विज्ञानदिनीं, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, आसपासच्या शाळांचीं मुलें तेथें प्रयोग मांडतात. साधनें अशीं पुष्कळ आहेत.

पण या पट्ट्यांतल्या घरांत आणखी एक वस्तु आहे, जी सिहोरास नव्हती. येथें असंख्य मुलांचे आईबाप मिलिमीटरच्या शतांशावर पोट भरतात. सूर्य एक मीटर व्यासाचा धरून चिंचवड स्टेशनापाशीं ठेवला तर पृथ्वी म्हणजे बेअरिंगमधला नऊ मिलिमीटरचा छर्रा, १०७ मीटरांवर. दहा सेंटिमीटरांचा गुरु सुमारें ५६० मीटरांवर, शनि एक किलोमीटरापलीकडे, आणि साडेतीन सेंटिमीटरांचा नेपच्यून सव्वातीन किलोमीटरांवर निगडीच्या वाटेला. सर्वांत जवळचा तारा याच मापानें सुमारें २९ हजार किलोमीटर दूर येतो. खऱ्या पृथ्वीच्या व्यासाच्या दुपटीहून अधिक. तक्त्यावर एकमेकांस खेटून बसविलेले ग्रह पाहिलेल्या मुलास हा रिकामेपणा चालूनच कळला पाहिजे.

तक्त्यांतलें दुसरें असत्य म्हणजे पृथ्वीची ती चपटी, काकडीसारखी कक्षा. ती पाहून मुलें समजतात कीं आपण सूर्याजवळ जातों तेव्हां उन्हाळा होतो. वास्तविक पृथ्वी सूर्याशीं सर्वांत निकट असते ती जानेवारीच्या आरंभीं, ऐन थंडींत. दहा सेंटिमीटर त्रिज्या घेऊन ही कक्षा खऱ्या आकारांत काढली, तर तिच्या लांब आणि आंखूड त्रिज्यांत फरक पडतो ०.०१४ मिलिमीटरचा. तो डोळ्यांस दिसत नाहीं. कारखान्यांतला मायक्रोमीटर मात्र तो पकडतो. सूर्य तेवढा मध्यबिंदूपासून सुमारें पावणेदोन मिलिमीटर बाजूस सरकलेला असतो, आणि तो सरकलेला पाहण्यास कंपासपेटींतली पट्टी पुरते.